उजव्या हातात ग्रेनेड फुटला, पण या हवालदाराने डाव्या हाताने दोनदा ऑलिम्पिक गोल्ड जिंकलं

गोष्ट आहे १९३८ सालची. हंगेरीच्या सैन्याचा सराव चालू होता. एका हवालदाराच्या उजव्या हातात ग्रेनेड होता. तो फेकला जाण्याआधीच हातात फुटला.

ग्रेनेडच सदोष होता. फेकणाऱ्याची चूक काहीच नव्हती, पण किंमत त्यानेच मोजली. उजव्या हाताच्या चिंधड्या झाल्या.

असा अपघात कुणाच्याही वाट्याला आला तरी वाईटच. पण हा हवालदार साधा नव्हता. तो देशातल्या अव्वल पिस्तूल नेमबाजांपैकी एक होता, वय अवघं २८, आणि डोळ्यांसमोर होतं १९४० चं ऑलिम्पिक. नेमका ज्या हाताने तो गोळी झाडायचा, तोच हात गेला.

त्याचं नाव कारोय टाकाच.

आता ही गोष्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी येऊन गेली असणार. बहुतेक वेळा नाव लिहिलेलं असतं कॅरोली टॅकाक्स. चार ओळींचा मेसेज, शेवटी हात जोडलेला इमोजी. हात गेला, जिद्द गेली नाही, गोल्ड मिळालं, विषय संपला.

पण त्या चार ओळींत एक गोष्ट हमखास गायब असते, ती म्हणजे मधली दहा वर्षं. आणि खरा टाकाच त्या दहा वर्षांतच सापडतो.

नियम असा की हवालदाराला ऑलिम्पिक बंद

कारोयचा जन्म २१ जानेवारी १९१० चा, बुडापेस्टमधला. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, त्यामुळे तिकडे तो टाकाच कारोय. हंगेरियन भाषेत टाकाच म्हणजे विणकर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कोष्टी. पण या टाकाचच्या हातात माग आला नाही, पिस्तूल आलं.

तो सैन्यात भरती झाला. तिथे नेमबाजीत असा काही चमकला की तिशीच्या आतच देशातल्या सगळ्यात चांगल्या पिस्तूल नेमबाजांमध्ये त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं.

१९३६ साली बर्लिनमध्ये ऑलिम्पिक होतं. टाकाच तेव्हा २६ वर्षांचा आणि ऐन फॉर्मात. संघात त्याची जागा पक्की असायला हवी होती. पण तेव्हाच्या हंगेरियन सैन्यात नियम असा होता की ऑलिम्पिकला फक्त अधिकारी दर्जाची माणसं जाणार. टाकाच होता सार्जंट, म्हणजे आपल्या हवालदाराच्या तोडीचा. नेम कितीही अचूक असू दे, खांद्यावर योग्य ते चिन्ह नव्हतं. त्यामुळे बर्लिनचा दरवाजा बंद.

बर्लिननंतर हा नियम उठला. आता १९४० चं ऑलिम्पिक टोकियोला होणार होतं आणि तिथे जायला टाकाचला कुणी अडवणार नव्हतं. चार वर्षं थांबायची त्याची तयारी होती.

त्या चार वर्षांतली दोन उलटली आणि तो ग्रेनेड फुटला.

चार सेकंदांत पाच गोळ्या

पुढची गोष्ट कळायची असेल तर टाकाचचा खेळ नेमका काय होता, हे आधी समजून घ्यावं लागेल.

ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे बरेच प्रकार आहेत. काही प्रकारांत नेमबाजाला भरपूर वेळ मिळतो. श्वास सावरायचा, नेम धरायचा, मनासारखं जमलं तरच ट्रिगर दाबायचा, नाहीतर हात खाली घ्यायचा. टाकाचचा प्रकार याच्या अगदी उलट. त्याचं नाव २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल.

समोर २५ मीटरवर एका रांगेत पाच लक्ष्यं. हात खाली ठेवून उभं राहायचं. वेळ सुरू झाली की हात उचलायचा आणि पाच लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची. आधी ८ सेकंदांत पाच, मग ६ सेकंदांत पाच आणि शेवटी फक्त ४ सेकंदांत पाच.

गणित मांडून बघा. ४ सेकंदांत पाच गोळ्या म्हणजे एका गोळीला पाऊण सेकंदापेक्षा जरासा जास्त वेळ. त्यातच हात वर उचलणं आलं, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाणं आलं आणि पिस्तुलाचा झटका सावरणंही आलं. अशा एकूण ६० गोळ्या. एका गोळीला जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे एकूण ६००.

आणि चूक किती महागात पडते? पिस्तुलाच्या नळीवर मागे एक आणि पुढे एक, अशा दोन खुणा असतात. त्या जुळवून नेम धरतात. या दोन खुणांमध्ये साधारण २० सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. ट्रिगर दाबताना बोटाने हिसका दिला आणि पुढची खूण फक्त एक मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर बाजूला जाते. एका मिलिमीटरची चूक तिकडे पोहोचेपर्यंत सव्वाशे पट होते.

म्हणजे या खेळात हाताचं बोट, मनगट, कोपर आणि खांदा हे सगळं घड्याळाच्या यंत्रासारखं चालावं लागतं. विचार करायला वेळच नसतो. शरीराला सवय लागलेली असते आणि ती सवयच गोळी झाडते.

टाकाचच्या शरीराची ही सगळी सवय उजव्या बाजूला होती.

एक महिना हॉस्पिटलमध्ये, मग कुणाला न सांगता सराव

अपघातानंतर टाकाच महिनाभर हॉस्पिटलमध्ये होता. त्या काळात त्याने ठरवलं की आता डाव्या हाताने शिकायचं.

वाचायला हे फार सोपं वाटतं. एक साधा प्रयोग करून बघा. कागद घ्या आणि ज्या हाताने कधी लिहीत नाही त्या हाताने स्वतःचं नाव लिहा. अक्षरं कशी काढायची हे डोक्याला पक्कं माहीत असतं, पण हात ऐकत नाही. पहिलीतल्या पोरासारखं अक्षर येतं. आता तेच नाव चार सेकंदांत पाच वेळा सुवाच्य लिहायचं आहे असं समजा. टाकाचपुढे तसं काहीसं काम होतं.

नेमबाजाला हात बदलायचा म्हणजे फक्त पिस्तूल इकडून तिकडे घ्यायचं नसतं. उभं राहण्याची पद्धत आरशातल्यासारखी उलटी होते. पायांची जागा बदलते, शरीराचा तोल बदलतो. किलोभराचं पिस्तूल हात लांब करून स्थिर धरायचं तर खांद्याचे स्नायू तयार लागतात आणि डाव्या खांद्याने ते काम कधी केलेलंच नसतं. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ एका विशिष्ट हाताच्या घडणीची असते, ती दुसऱ्या हातात नीट बसत नाही.

त्यात डोळ्यांचा प्रश्न वेगळाच. जसा आपला एक हात जोरकस असतो, तसा एक डोळाही जोरकस असतो. मेंदू नेम धरताना त्याच डोळ्यावर जास्त विसंबतो. उजवा डोळा जोरकस असलेल्या माणसाने डाव्या हातात पिस्तूल धरलं, तर एकतर मान वळवून घ्यावी लागते किंवा दुसऱ्या डोळ्याला नव्याने शिकवावं लागतं.

आणि सगळ्यात अवघड काम असतं बोटाचं. बाकीचा हात दगडासारखा स्थिर ठेवून फक्त एक बोट सावकाश, सरळ रेषेत मागे आणायचं. हे जमायला चांगल्या नेमबाजालाही कित्येक वर्षं लागतात. टाकाचच्या उजव्या बोटाला ते येत होतं. डावं बोट कोरी पाटी होतं.

पण सगळंच शून्यावर आलं नव्हतं आणि या गोष्टीचा गाभा इथेच आहे. ग्रेनेडने हात नेला, पण पिस्तुलाच्या खुणा जुळल्या की चित्र कसं दिसतं, हे पाहायची सवय त्याने नेली नाही. पहिल्या लक्ष्यावरून पाचव्यापर्यंत जायची लय डोक्यात होती. एक गोळी वाईट गेली तर तिच्या मागे न लागता पुढच्या लक्ष्याकडे कसं वळायचं, ही शिस्तही शाबूत होती. स्पर्धेत पोटात गोळा आला की काय करायचं, हे त्याला आधीपासून माहीत होतं.

म्हणजे हात नवशिका होता आणि माणूस मुरलेला.

हे कॉम्बिनेशन वाटतं तितकं सुखाचं नसतं. नवशिक्याला आपली गोळी वाईट गेली याचं फार वाटत नाही, कारण चांगली कशी असते हे त्याला माहीत नसतं. मुरलेल्या माणसाला मात्र स्वतःची प्रत्येक चूक दिसत असते. कालपर्यंत जे झोपेत जमत होतं ते आज जागेपणी जमत नाही, हे रोज बघायचं आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पिस्तूल हातात घ्यायचं.

टाकाचने हा सराव गुपचूप केला. कुणाला सांगितलं नाही. कीव नको आणि सल्लेही नकोत. हात शिकेपर्यंत जगाने बघायचंच नाही, असा तो कारभार होता.

सांत्वनाला आलेले लोक बघतच राहिले

१९३९ चा वसंत ऋतू. हंगेरीच्या राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धेत टाकाच हजर झाला.

असं सांगतात की तो सामने बघायला आणि जुन्या सोबत्यांना भेटायला आलाय, असंच सगळ्यांना वाटलं. लोक जवळ येऊन हळहळले, आला म्हणून कौतुकही केलं. तेव्हा टाकाचने त्यांना शांतपणे सांगून टाकलं की तो बघायला नाही, खेळायला आलाय.

आणि तो खेळला. डाव्या हाताने राष्ट्रीय विजेता झाला.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला नेमबाजीची जागतिक स्पर्धा झाली. तिथे रॅपिड फायर प्रकारात हंगेरीच्या संघाने विजेतेपद मिळवलं आणि त्या संघात डावखुरा झालेला टाकाच होता.

व्हॉट्सॲपचा मेसेज खरं तर इथेच संपायला हरकत नव्हती. अपघात झाला, वर्षभरात माणूस पुन्हा उभा राहिला. आता १९४० ला ऑलिम्पिक आणि गोल्ड.

पण तसं झालं नाही.

हात तयार, पण ऑलिम्पिकच नाही

१९४० चं ऑलिम्पिक आधी टोकियोला होणार होतं. चीनशी युद्ध पेटल्यामुळे १९३८ मध्येच जपानने यजमानपद सोडलं. मग ते फिनलंडच्या हेलसिंकीला द्यायचं ठरलं. पण १९३९ च्या सप्टेंबरमध्ये युरोपात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ऑलिम्पिक रद्द झालं.

१९४४ चं ऑलिम्पिकही रद्द झालं.

टाकाचच्या बाजूने बघा. १९३६ ला नियम आडवा आला. १९३८ ला ग्रेनेड आडवा आला. १९४० आणि १९४४ ला अख्खं जग आडवं आलं. यातल्या एकाही गोष्टीत त्याचा दोष नव्हता आणि एकीवरही त्याचा इलाज नव्हता.

शिवाय युद्ध दुसरीकडे कुठे चाललं नव्हतं. हंगेरी जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला होता. १९४४ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजांनी बुडापेस्टला वेढा घातला, तो फेब्रुवारी १९४५ पर्यंत चालला. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने डॅन्यूब नदीवरचे सगळे पूल उडवून दिले. बुडा आणि पेस्ट ही एका शहराची दोन अंगं एकमेकांपासून तुटली. टाकाचचं जन्मगाव ढिगाऱ्यात गेलं.

अशा काळात पिस्तुलाचा खेळ चालू ठेवायचा तर कशाच्या भरवशावर? पुढचं ऑलिम्पिक होणार की नाही, हंगेरीला बोलावणार की नाही, काहीच माहीत नव्हतं. तिशी संपत चालली होती. अपघातातून वर्षभरात उठणं कौतुकाचं आहेच. पण त्यानंतर नऊ वर्षं, समोर तारीखच नसताना हात तयार ठेवणं हे त्याहून अवघड काम होतं. त्याच्यावर मेसेज फिरत नाहीत, कारण त्यात स्फोट नाही.

लंडन १९४८ : शिकायला आलेला माणूस

१२ वर्षांच्या खंडानंतर १९४८ साली लंडनमध्ये ऑलिम्पिक झालं. युद्धाने ब्रिटनचं कंबरडं मोडलं होतं. अन्नधान्य रेशनवर होतं. खेळाडूंसाठी नवीन ऑलिम्पिक ग्राम बांधायला पैसे नव्हते, म्हणून त्यांना लष्करी छावण्या, शाळा आणि कॉलेजांमध्ये उतरवलं होतं. जर्मनी आणि जपानला निमंत्रण नव्हतं. हंगेरीला मात्र होतं.

नेमबाजीचे सामने लंडनजवळ सरे परगण्यातल्या बिस्ली या गावी होते. ब्रिटिश नेमबाजीची ही जुनी पंढरीच. टाकाच तेव्हा ३८ वर्षांचा होता.

रॅपिड फायरमध्ये सगळ्यांची पसंती अर्जेंटिनाच्या कार्लोस एन्रिके दियास साएन्स वालिएन्तेला होती. हा गडी त्या वेळचा जगज्जेता आणि विश्वविक्रमाचा धनी. टाकाचच्या अपघाताची त्याला कल्पना होती. टाकाच समोर दिसल्यावर त्याला नवल वाटलं आणि तू इथे कशाला आलास, असं त्याने विचारलं. टाकाचने उत्तर दिलं की तो शिकायला आलाय.

हे उत्तर पुढे फार गाजलं. ऐकायला टोमणा वाटतो, पण त्याच्या आधीच्या दहा वर्षांकडे बघितलं तर ते सरळसाधं उत्तरही वाटतं. तो दहा वर्षं शिकतच तर होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सामना झाला. टाकाचने ६०० पैकी ५८० गुण मिळवले. हा नवा विश्वविक्रम होता. वालिएन्ते ५७१ वर थांबला आणि त्याला रौप्य मिळालं. स्वीडनचा स्वेन लुंडक्विस्ट ५६९ गुणांसह तिसरा आला.

ज्या खेळात एकेका गुणावर पदकं ठरतात तिथे टाकाचने नऊ गुणांची आघाडी घेतली होती. पदकं देताना वालिएन्तेने त्याचं अभिनंदन केलं आणि आता तुझं पुरेसं शिकून झालंय, अशी दिलखुलास कबुली दिली, असं सांगतात.

हेलसिंकी १९५२ : एका गुणाचा खेळ

बरं, एकदा गोल्ड मिळालं, वयही चाळिशीला टेकलं. आता माणूस सन्मानाने घरी बसेल. टाकाच बसला नाही.

१९५२ चं ऑलिम्पिक हेलसिंकीला होतं. जे शहर १९४० ला त्याची वाट बघणार होतं, तिथे तो १२ वर्षं उशिरा पोहोचला. वय ४२.

लंडनला तो नऊ गुणांनी जिंकला होता. हेलसिंकीला पहिल्या तिघांमध्ये फरक होता फक्त एका गुणाचा. टाकाच ५७९. त्याच्याच देशाचा तरुण सिलार्ड कून ५७८. रोमानियाचा गेओर्गे लिकियार्दोपोलही ५७८.

म्हणजे ६० गोळ्यांमधली एक गोळी बोटभर बाजूला गेली असती तरी गोल्ड हातचं जाऊ शकलं असतं. आणि गंमत म्हणजे ते गोल्ड ज्याच्याकडे जाऊ शकलं असतं त्या कूनला घडवण्यात स्वतः टाकाचचाच हात होता. तो कूनचा प्रशिक्षक होता. गुरू एका गुणाने पुढे आणि शिष्य त्याच्या मागोमाग.

रॅपिड फायर पिस्तूलमध्ये ऑलिम्पिक गोल्ड राखणारा टाकाच हा पहिला नेमबाज ठरला. दोन्ही गोल्ड डाव्या हाताची.

सांगतात की वालिएन्ते याही वेळी अभिनंदनाला आला. तू आता गरजेपेक्षा जास्तच शिकलायस, तेव्हा निवृत्त हो आणि मला शिकव, अशी गंमत त्याने केली.

पराभवही त्याने नाकारला नाही

१९५६ ला टाकाच तिसऱ्यांदा ऑलिम्पिकला गेला, या वेळी मेलबर्नला. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हंगेरीत सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव झाला होता आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला होता. मागे देश पेटलेला असताना हंगेरीचे खेळाडू जगाच्या दुसऱ्या टोकाला खेळत होते. टाकाच आठवा आला. वय ४६.

दोन गोल्ड जिंकलेल्या माणसाला, हरण्याची शक्यता समोर असताना, मैदानात उतरायला वेगळी छाती लागते. १९५८ च्या जागतिक स्पर्धेत त्याने पुन्हा वैयक्तिक कांस्यपदक मिळवलं.

हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये त्याने एकूण ३५ विजेतेपदं मिळवली. सैन्यातून निवृत्त झाला तेव्हा तो लेफ्टनंट कर्नल होता. ज्या हवालदाराला अधिकारी नाही म्हणून ऑलिम्पिकला पाठवलं नव्हतं, त्याच्या खांद्यावर शेवटी हे चिन्ह आलं. खेळ थांबल्यावर त्याने पोरांना शिकवण्याचं काम केलं.

५ जानेवारी १९७६ रोजी, ६६ व्या वाढदिवसाला सोळा दिवस बाकी असताना, बुडापेस्टमध्येच त्याचं निधन झालं.

आज दुबळ्या हाताची वेगळी परीक्षा होते

टाकाच गेला त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात नेमबाजीच्या एका नव्या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. हा प्रकार म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंग. त्यामागचं मोठं नाव होतं जेफ कूपर, अमेरिकन मरीन दलातले माजी अधिकारी. यात नेमबाज एका जागी उभा राहत नाही. तो धावतो, आडोशामागून गोळी झाडतो, मॅगझिन बदलतो आणि गुणांबरोबर वेळही मोजला जातो.

टाकाचचा आणि या संघटनेचा थेट संबंध नाही. पण या खेळातल्या दोन गोष्टी बघितल्या की त्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे दुबळा हात. या स्पर्धांमध्ये काही वेळा फक्त दुबळ्या हाताने गोळ्या झाडायची अट असते. उजव्या हाताच्या नेमबाजाने डावा वापरायचा, डावखुऱ्याने उजवा. त्यामुळे चांगले खेळाडू दुबळ्या हाताचा सराव धडधाकट असतानाच करतात. गोळी न भरता नुसतं पिस्तूल धरायचं, खुणा जुळवायच्या आणि त्या न हलवता ट्रिगर दाबायचा, असं शेकडो वेळा. वेग नंतर येतो. टाकाचवर जी वेळ अपघाताने आणली, ती इथे खेळाडू स्वतःवर सरावात आणून बघतात.

दुसरी गोष्ट म्हणजे अपघात. टाकाचचा अपघात त्याच्या हातात नव्हता, पण हत्यार हाताळताना होणारे बरेचसे अपघात माणसाच्या हातात असतात. म्हणून या खेळात चुकीला माफी नाही. हातातून पिस्तूल खाली पडलं, नळी नको त्या दिशेला वळली किंवा नकळत गोळी सुटली की खेळाडू त्या क्षणी संपूर्ण स्पर्धेतून बाद. मग तो जगज्जेता का असेना. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं आणि नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचंच नाही, हे कूपर यांनी घालून दिलेले धडे आज जगभरच्या रेंजवर पहिल्याच दिवशी शिकवतात.

आणि पिस्तूल मधेच अडकलं तर? चिडून उपयोग नसतो. नळी सुरक्षित दिशेला ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं, अडकलेली गोळी बाहेर काढायची आणि पुढच्या लक्ष्याकडे वळायचं. गेलेल्या सेकंदांचा हिशोब नंतर करायचा.

टाकाचचा मूळ खेळ आजही ऑलिम्पिकमध्ये आहे. तेच २५ मीटर, तीच पाच लक्ष्यं, तेच ८, ६ आणि ४ सेकंद. २०१२ साली लंडनलाच झालेल्या ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात भारताच्या विजय कुमारने रौप्यपदक जिंकलं. तोही सैन्यातला, आणि हुद्दा सुभेदाराचा. १९३६ च्या हंगेरीतला तो नियम आपल्याकडे असता तर हे पदक आपल्याला दिसलंच नसतं.

म्हणून पुढच्या वेळी टाकाचचा तो चार ओळींचा मेसेज आला तर फॉरवर्ड जरूर करा. फक्त हात गेला आणि गोल्ड मिळालं या दोन वाक्यांच्या मधे जी मोकळी जागा असते, तिथे क्षणभर थांबा. एक माणूस त्या जागेत दहा वर्षं रोज डावा हात उचलत होता आणि ऑलिम्पिक पुन्हा कधी होईल हे त्याला कुणीही सांगू शकत नव्हतं.